झोळ प्लास्टिकात, घोळ लोखंडात

मामेभावाने गाडीच्या मागच्या डेकवर टिचकी मारून दाखवली. "हे बघ, नुसती परात झालीय." खरंच परात होती. आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी तिच्यात साचलं होतं आणि त्यावर पाइनच्या सुया तरंगत होत्या. गाडी उताराला तोंड करून उभी होती, तरी पाणी वाहून गेलं नव्हतं.

हा भाऊ कॅनडात राहतो, टोरांटोच्या उत्तरेला हॅलिबर्टनच्या बाजूला, तळ्याकाठी. त्या मुलखात दर दोन मैलांवर एक तळं, दोन तळ्यांमध्ये दलदल, आणि उरलेल्या जागेत खडक. जीप दलदलीत रुतते, होडी खडकावर चढत नाही. म्हणून तिथल्या लोकांनी सहा किंवा आठ चाकांची एक बुटकी गाडी आपलीशी केली आहे. ती जमिनीवर चालते, चिखलात चालते आणि तळं आडवं आलं की न थांबता आत उतरते. दादाने अशीच एक जुनी सहाचाकी चौथ्या की पाचव्या मालकाकडून घेतली होती. मी सुट्टीसाठी गेलेला. पण उमेदीची काही वर्षं मी भोसरीतल्या एका शेडमध्ये प्लास्टिकच्या शीट तापवून साच्यावर ओढण्याच्या मशीनवर काढली आहेत, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. "तू प्लास्टिकवाला, तूच बघ," म्हणाला आणि चहाचा मग हातात देऊन मोकळा झाला.

या जातीच्या गाड्यांचा जन्मही कॅनडातलाच. १९६१ च्या सुमारास 'जिगर' नावाची, आपल्या कानाला उगाचच धाडसी वाटणारी, छोटी सहाचाकी तिथे निघाली. मग अमेरिकेत आणि कॅनडात अशा गाड्यांचं पेवच फुटलं. 'अँफिकॅट' तर १९६८ च्या 'द बनाना स्प्लिट्स' या मुलांच्या टीव्ही मालिकेत रंगरंगोटी करून पळत असे. ओंटारियोतल्या न्यू हॅम्बर्ग गावच्या कारखान्यातून १९६७ पासून 'आर्गो' निघू लागली आणि ती आजही निघते. बाकीचे बरेचसे कारखाने सत्तरच्या दशकात बंद पडले. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांची हलकी गाडी आणली आणि मौजेसाठी गाडी घेणारं गिऱ्हाईक तिकडे वळलं. त्यामुळे आज अनेक सहाचाक्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि नवी बॉडी मागवायला कारखानाच उरलेला नाही. दुरुस्ती हा त्यांच्या मालकांचा छंद नसतो, नाइलाज असतो.

आपल्याकडे अशी गाडी सहसा दिसत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबातल्या पुरात लष्कराने माणसांना बाहेर काढायला अवाढव्य टायरांची 'अटोर' वापरली, तेवढी चित्रं आपण पाहिली असतील. दादाची गाडी तिच्यापुढे खेळणं वाटेल.

पण खेळण्याची रचना बघण्यासारखी आहे. मोठ्या परातीवर दुसरी परात पालथी घालावी, तशी तिची बॉडी असते. खालची परात म्हणजे होडीचं पोट, वरची म्हणजे बॉनेट, डेक आणि मडगार्ड. दोन्हींच्या कडा कमरेच्या उंचीवर एकमेकींना जुळतात आणि मधे सील घालून रिव्हेट मारलेले असतात. पोटाच्या आत लोखंडी चौकट बसते. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि चेन. पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं रोखली की गाडी रणगाड्यासारखी जागच्या जागी फिरते. सस्पेन्शन नाही, स्प्रिंग नाही. टायरमध्ये हवा जेमतेम दोन-तीन पीएसआय, म्हणजे आपल्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याइतकी. तो फुगा हीच स्प्रिंग, पाण्यात तोच तरंगायला मदत करतो आणि त्याच्यावरच्या खाचा वल्ह्यासारखं पाणी मागे ढकलतात. पाण्यात वेग माणसाच्या चालण्याएवढा. ॲक्सल पोटाच्या भिंतीतून बाहेर येतात आणि प्रत्येक भोकावर बेअरिंग, गॅस्केट आणि सील असतं. होडीला सहा भोकं पाडून तिला बुडू नको म्हणायचं, असा हा सगळा कारभार.

वरवर पाहता बॉडीने गाडी पेललेली दिसते. प्रत्यक्षात भार लोखंडाने वाहायचा आणि प्लास्टिकने फक्त पाणी बाहेर ठेवायचं, अशी कामाची वाटणी आहे. झोळ पडतो तो ही वाटणी मोडल्यावर. कुठेतरी लोखंडाने आपला वाटा खाली ठेवलेला असतो आणि प्लास्टिकने तो बिनबोभाट उचललेला असतो.

हल्लीची पोरं घोटाळ्याला झोल म्हणतात. ते इथे अगदी बरोबर बसतं, कारण झोळ जिथे दिसतो तिथे गुन्हेगार सहसा नसतो.

दादाची योजना सरळ होती. डेकखाली बाटली जॅक लावायचा, वर उचलायचं आणि खालून पट्टी ठोकायची. "अर्ध्या तासाचं काम आहे रे." जॅक त्याने आतमध्ये ठेवलाही होता, पोटाच्या तळावर. मी म्हटलं, "दादा, थांब जरा. जॅक कशावर उभा आहे ते बघ." जॅक जेवढ्या जोराने डेक वर ढकलणार, तेवढ्याच जोराने तो पायाखालचं प्लास्टिक खाली ढकलणार. डेक वर जाण्याआधी पोटाला पोक आलं असतं. जॅकचा पाय नेहमी चौकटीवर हवा. आम्ही चौकटीच्या दोन आडव्या नळ्यांवर जाड फळी टाकली आणि जॅक तिच्यावर ठेवला. पण तो लगेच वर केला नाही. आधी मापं घेतली.

मापाला लागतात फक्त सुतळी, पट्टी आणि मार्कर. डेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून बांधली आणि मधोमध तिच्यापासून डेकपर्यंतचं अंतर मोजलं. ३८ मिमी भरलं. मग प्रत्येक चाकाशी ॲक्सलच्या मध्यापासून कमरेच्या जोडापर्यंत मोजलं. जमिनीपासून मोजण्यात अर्थ नसतो. इतक्या कमी हवेच्या टायरमध्ये अर्धा पीएसआय कमी-जास्त झाला तरी गाडी एका बाजूला कलते आणि मालकाला वाटतं बॉडी बसली. खरोखरच अशी 'बसलेली' गाडी सायकलच्या पंपाने दुरुस्त होते. इथे मात्र उजवीकडे मागच्या ॲक्सलपाशी १२ मिमीचा फरक निघाला. बॉडी चौकटीपासून तिथे खाली आली होती.

प्लास्टिक असं खाली येतं कसं? ते तुटलेलं नसतं, एका दिवसात वाकलेलंही नसतं. मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आठवा. वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या खुर्चीवर जाड माणूस बसला की तिचे पाय फाकतात. माणूस उठला की ते बरेचसे परत येतात, सगळे नाही. जो थोडासा भाग परत येत नाही, तो साठत जातो. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीचं पोट सुटतं तेही असंच. इंजिनिअर याला क्रीप म्हणतात. मला 'सरपटणं' हा शब्द जास्त आवडतो, कारण प्लास्टिक खरोखर सरपटतं, कुणाचं लक्ष नसताना.

या गाड्यांच्या बॉड्या एकाच प्लास्टिकच्या नसतात. जुन्यांमध्ये एबीएस किंवा फायबरग्लासही सापडतं. पण नंतरच्या बहुतेक गाड्यांत उच्च घनतेचं पॉलिथिलीन असतं, ज्याला बाजारात एचडीपीई म्हणतात. फिलिप्सच्या होगन आणि बँक्स या दोघांना अमेरिकेत १९५१ मध्ये आणि कार्ल त्सीग्लरला जर्मनीत १९५३ मध्ये, वेगवेगळ्या वाटांनी, हे प्लास्टिक गवसलं. त्सीग्लरला १९६३ मध्ये जुलिओ नाटासोबत नोबेलही मिळालं. या प्लास्टिकचा गुण म्हणजे चिवटपणा. उणे वीस अंशांत खडकावर आपटलं तरी ते सहसा फुटत नाही. पण त्याचा चिवटपणा आणि सरपटणं ही एकाच खोडीची दोन रूपं आहेत. आत लांबच लांब साखळ्या असतात. काही भागात त्या घडी घातलेल्या पातळासारख्या नीट रचलेल्या, उरलेल्या भागात वाडग्यातल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या. हा गुंतलेला भाग उणे शंभर अंशांच्याही खाली गेल्यावरच गोठतो. म्हणजे कॅनडाच्या हिवाळ्यातसुद्धा शेवया एकमेकींवरून सरकायला मोकळ्या. धक्का बसला तर सरकून तो जिरवतात. भार कायम ठेवला तर सरकतच राहतात.

किती सरकतात, याची कल्पना पाण्याचे पाइप आखणाऱ्यांच्या हिशेबावरून येते. आज दाबून पाहिलं तर पॉलिथिलीनचा जो ताठपणा दिसतो, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावरच ते पन्नास वर्षांच्या भाराचं गणित मांडतात. शिवाय लोखंडाच्या तुलनेत मूळचा ताठपणाच दोनशेव्या भागाचा. त्यात ऊन. गडद हिरवी बॉडी जुलैच्या उन्हात हात लावता येणार नाही इतकी तापते आणि तापलं की सरपटण्याला पाय फुटतात.

आणि शेडमध्ये शिकलेली एक गोष्ट इथे कामाला आली. तापवलेली शीट साच्यावर ओढली जाते तेव्हा ती सगळीकडे सारखी राहत नाही. पापड लाटताना मधे जाड आणि कडेला पातळ होतो तसंच, पण इथे सगळ्यात पातळ होतात खोल कोपरे. मूळ शीट ६ मिमी असेल तर खोल कोपऱ्यात ३ उरणं नवल नाही. आणि जाडी निम्मी झाली की ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. म्हणून झोळ डेकच्या मधोमध दिसला तरी वळणाशी, जिथे डेक खाली उतरतो तिथे, बोट फिरवून बघायचं. मऊ पडलेली, पांढुरकी रेघ तिथेच लागते.

तर भार कुणी टाकला? डेक उचलण्यासाठी मागची झाकणं काढली, पोटातला चिखल खरवडला. दोन बादल्या निघाला, त्यात एक पाना आणि कुणाचा तरी गळ. मग टॉर्च घेऊन मी आडवा पडलो. डेकखालून जाणारी आडवी पट्टी उजवीकडे चौकटीला वेल्ड केलेली होती. वेल्ड गंजून सुटला होता. पट्टीचं टोक हवेत लोंबत होतं आणि तिच्यावरचा सगळा भार डेकच्या प्लास्टिकने वर्षानुवर्षं पेलला होता. लाकडाचे ओंडके, पेट्रोलचे डबे, आणि हिवाळाभर ताडपत्रीवर साचलेलं बर्फ. नव्याने पडलेलं बर्फ कापसासारखं हलकं असतं, पण दबून भिजलेलं ३० सेंटीमीटर बर्फ दर चौरस मीटरला ७०-८० किलो सहज भरतं. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस डेकवर डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत उठलाच नाही. झोळ प्लास्टिकात दिसत होता, घोळ लोखंडात होता.

लोखंडाचं काम आधी. वेल्डिंगचा मोह होतो, पण या गाडीत तो आवरलेला बरा. पोट बंद असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती या परातीत पाण्यासारखी तळाला साचते आणि वरून वास येईलच असं नाही. चारी बाजूंना पेटणारं प्लास्टिक. चौकट बाहेर काढता येत असेल तरच वेल्ड करावं. नाहीतर टाकी उतरवायची, बॅटरी सोडायची, दिवसभर हवा खेळू द्यायची आणि तरीही वेल्डच्या ऐवजी नटबोल्टने जोडपट्टी बसवायची. आम्ही तसंच केलं. गंज तारेच्या ब्रशने काढला, ५ मिमीची पट्टी दोन्ही बाजूंनी सँडविचसारखी घातली, चार बोल्ट.

दादाला हे सगळं फार रेंगाळतंय असं वाटत होतं. पण गंमत अशी झाली की भार काढल्यापासून दोन दिवसांत, आम्ही डेकला हातही न लावता, सुतळीचं माप ३८ वरून ३१ वर आलं. सरपटलेल्या साखळ्यांपैकी काही उशिरा का होईना घरी परततात, उन्हात जरा लवकर. म्हणून पहिली दुरुस्ती म्हणजे गाडी रिकामी करून उन्हात सोडून देणं. ते काम कुणालाच दुरुस्ती वाटत नाही.

पुढचं काही करण्याआधी प्लास्टिक कोणतं ते नक्की करायला हवं. ब्लेडने आतल्या कडेचा नखाएवढा कपटा काढायचा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याच्या ग्लासात सोडायचा. साबण अशासाठी की बुडबुडे चिकटून बुडणारा कपटा उगाच तरंगू नये. तरंगला तर पॉलिथिलीन, कारण ते पाण्यापेक्षा थोडंसं हलकं आहे. बुडाला तर एबीएस किंवा फायबरग्लास. फायबरग्लासच्या तुटलेल्या कडेला पांढरे तंतू दिसतात. एबीएसवर ॲसिटोनचा बोळा फिरवला की पृष्ठभाग चिकट होतो. आमचा कपटा तरंगला. वहिनी म्हणाल्या, "एवढं मोठं शास्त्र आणि प्रयोग माझ्या चहाच्या ग्लासात!"

मग जॅक. डेकच्या खालच्या अंगाला थेट जॅकचं डोकं टेकवलं तर तिथे टेंगूळ येणार, म्हणून मधे प्लायवुडची रुंद फळी आणि तिच्यावर जुनी घोंगडी. वरून काळी ताडपत्री पांघरली. दुपारपर्यंत डेक पन्नास अंशांच्या आसपास गेला. उरलेली ऊब हॉट एअर गनने, वीतभर अंतरावरून, इस्त्री फिरवावी तशी सतत हलती ठेवून दिली. स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असला तर उत्तम. ६५ अंशांच्या आसपास थांबायचं. पॉलिथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी दुसरं संकट येतं. साच्यावर ओढलेल्या शीटला आपण एकेकाळी सपाट होतो हे आठवत असतं. जास्त तापवलं की ती डेकचा आकार विसरून सपाट व्हायला निघते, वळणं उसवतात आणि मग ती गाडी कुणाच्याच हातची राहत नाही. पृष्ठभागावर ओलसर चकाकी आली तर गन लगेच मागे घ्यायची. भोसरीत शीट पुरेशी तापली की नाही ते आम्ही चकाकी बघूनच ठरवायचो. तिथे जी खूण 'आता ओढा' म्हणायची, तीच इथे 'आता पळा' म्हणते.

जॅकचा दांडा दर अर्ध्या तासाला दोनदा हलवायचा, बस्स. त्या दुपारी आम्ही पत्त्यांचे चार डाव खेळलो. सुतळीपर्यंत आल्यावर आणखी ६ मिमी वर नेलं, कारण सोडल्यावर ते थोडं खाली बसणार हे ठरलेलं. आणि मग तसंच ठेवलं, तीन दिवस. ज्या सरपटण्याने डेक खाली नेला, तेच आता उलट्या दिशेने आमचं काम करत होतं. गरम असताना उचलून लगेच जॅक काढणारे फसतात, ते इथेच.

जॅक काढल्यावर डेक सुतळीच्या २ मिमी खाली थांबला. तेवढं चालतं.

पण नुसता वर आणलेला डेक पुन्हा झोपणार. त्याला खालून आधार हवा आणि तो आधार चौकटीवर टेकलेला हवा. आम्ही २५ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या दोन अँगल पट्ट्या आडव्या घातल्या, टोकं चौकटीच्या उभ्या खुंट्यांवर, मधे रबराची पट्टी. आता या पट्ट्या डेकला घट्ट बोल्ट करून टाकाव्यात असं कुणालाही वाटेल, आणि नेमकं तिथेच नवा झोळ पेरला जातो. तापमानानुसार पॉलिथिलीन लोखंडाच्या दहापटीहून जास्त फुगतं आणि आकसतं. हॅलिबर्टनमध्ये हिवाळ्यात पारा उणे २५ ला जातो, उन्हाळ्यात उन्हातली बॉडी ४५ च्या पुढे. ७० अंशांच्या या फरकात गाडीच्या सव्वादोन-अडीच मीटर लांबीचं प्लास्टिक जवळपास २५ मिमीने लहान-मोठं होतं, आणि त्याच लांबीचं लोखंड फक्त २ मिमीने. दोघांना गच्च बांधलं तर उन्हाळ्यात प्लास्टिकला जायला जागा नाही, म्हणून ते फुगून लाट काढतं. हिवाळ्यात ते बोल्टच्या भोकापाशी फाटतं. म्हणून मधला एकच बोल्ट गोल भोकात, बाकीची सगळी भोकं लांबट. आमच्या डेकच्या रुंदीला ६ मिमीच्या बोल्टसाठी १५ मिमी लांबीची खाच पुरली. बोल्टखाली रुपयाएवढा नव्हे, बिस्किटाएवढा रुंद वॉशर, आणि नायलॉनचा नट हाताला जड लागेपर्यंतच. जास्त आवळलं तर वॉशरखालचं प्लास्टिकही सरपटून बाजूला होतं आणि महिन्याभरात बोल्ट आपोआप ढिला. मग माणूस तो पुन्हा आवळतो, पुन्हा ढिला होतो, आणि तो नटाला शिव्या देतो.

उजव्या वळणाशी वीतभर चीर होती. आदल्या मालकाने ती इपॉक्सीच्या लुगदीने भरली होती. नखाने उचलली तर वाळल्या खपलीसारखी अख्खी निघून हातात आली. पॉलिथिलीनला सहसा काहीच चिकटत नाही. शाळेतली डिंकाची बाटली कसली असते ते आठवा. तिचं झाकण वाळलेल्या डिंकासकट मोकळं होतं, कारण बाटलीच पॉलिथिलीनची असते. सिलिकॉनचीही तीच गत. एबीएसची बॉडी असती तर तिच्याच कपट्यांची ॲसिटोनमध्ये लुगदी करून चीर भरता आली असती. इथे एकच उपाय, प्लास्टिक वेल्डिंग, जे आपल्याकडे मोटारीचे बंपर सांधणारे रोज करतात. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. कडा खरवडून व्ही आकाराची खाच करायची, कारण उन्हाने मेलेला वरचा थर वितळला तरी धरत नाही. मग त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी खाचेत दाबत, सुमारे ३०० अंशांची गरम हवा काडीवर आणि खाचेवर एकदमच मारत पुढे सरकायचं. काडी आणि खाच दोन्ही ओल्या झाल्या तरच जोड. फक्त काडी वितळली तर तो मेणबत्तीचा ओघळ समजा. मी आधी आतल्या बाजूच्या कापलेल्या तुकड्यावर तीनदा सराव केला. तिसऱ्या खेपेला जोड पकडीने ओढूनही सुटला नाही, तेव्हा गाडीला हात लावला.

पोटाचं काम थोडक्यात सांगतो, कारण कारणं तीच आहेत. पोटाला झोळ पडण्यामागे मुख्य हात आतल्या पाण्याचा. दोन मीटर बाय एक मीटर तळावर १० सेंटीमीटर पाणी म्हणजे २०० किलो. गाडी तळ्यात असताना बाहेरचं पाणी त्याहून जास्त ताकदीने वर ढकलत असतं; २० सेंटीमीटर खोलीला दर चौरस मीटरमागे २०० किलो. त्यामुळे तरंगताना पोट मजेत असतं. गाडी किनाऱ्यावर आली आणि आतलं पाणी काढलं नाही की खरा त्रास सुरू होतो. तेच पाणी हिवाळ्यात गोठलं तर एक-दशांशाच्या आसपास फुगतं आणि सीलवर घाला घालतं. बुडाचं बूच प्रत्येक फेरीनंतर काढायचं, गाडी किंचित उताराला उभी करायची आणि हिवाळ्यात बूच चावीच्या जुडग्यालाच बांधून ठेवायचं. दादाच्या गाडीत पोटाचे दोन बोल्ट वॉशरसकट प्लास्टिकमधून ओढले गेले होते. तिथे आतून-बाहेरून ४० मिमीची ॲल्युमिनियम पट्टी घातली आणि मधे ब्युटाइलची चिकटपट्टी. पॉलिथिलीनला जे मोजकं काही धरतं, त्यात ही येते. डेक आणि पोट जागेवर आल्यावर मागच्या ॲक्सलचा १२ मिमीचा फरक २ वर आला. तिथलं सील बाजूने घासून चंद्रकोरीसारखं झिजलं होतं, ते बदललं.

ट्रेलरवर बांधताना पट्टे बॉडीच्या कडेवरून ओढायचे नाहीत, चौकटीच्या हुकालाच अडकवायचे, हे मी दादाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्याने "हो रे" म्हटलं.

शेवटी पाणी. गळती बघायला पोटात पाणी भरून ठेवणारे लोक आहेत. ज्या पोटाला आत्ताच सरळ केलं त्याच्यावर पुन्हा २०० किलो टाकणं मला पटत नाही. आम्ही आतला तळ फडक्याने कोरडा केला, प्रत्येक ॲक्सलखाली आणि जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा टाकला, लाइफ जॅकेट घातली आणि गाडी किनाऱ्यालगत, चाकं जेमतेम जमीन सोडतील इतक्याच पाण्यात उतरवून पंधरा मिनिटं थांबलो. दादा दर दोन मिनिटांनी वाकून कागद बघत होता. सहा ॲक्सलखालचे पाच कोरडे. डाव्या पुढच्याखालचा एक कोपरा ओला, टिकलीएवढा. ज्याला आम्ही हात लावलाच नव्हता असं ते पुढचं चाक. "हे कधी झालं?" दादा म्हणाला.

मी मार्कर काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, सुतळीचं माप आणि पुढच्या डाव्या ॲक्सलचं अंतर लिहून ठेवलं. पुढच्या एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर त्याने पुन्हा मोजायचं आणि मला फोटो पाठवायचा, असं ठरलंय.